‘पाणी’ वाचलं, पुढे?

दुसरीतली मुलगी वाचत होती : ‘प ला काना पा, ण ला दुसरी वेलांटी णी, पाणी.’ ओळीतला प्रत्येक शब्द तिने असाच बरोबर जुळवला. ‘पाणी कोण आणतंय?’ असं विचारल्यावर मात्र ती गप्प झाली आणि तिने बोट पुन्हा पहिल्या शब्दावर नेऊन ठेवलं.

गफ आणि टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं : लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्य. या मुलीची कोणती बाजू लंगडी आहे, ते तपासायला एक मिनिट पुरतं. तोच उतारा आपण तिला वाचून दाखवायचा आणि तोच प्रश्न विचारायचा. उत्तर आलं तर अर्थ तिच्यापाशी आहे, सगळी शक्ती काना-वेलांटीत खर्च होते आहे. नाही आलं, तर आणखी बाराखडी घोटून काहीही हाती लागणार नाही. तिच्याशी भरपूर बोलायला हवं, गोष्टी वाचून दाखवायला हव्यात. घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलांसाठी तर फारच.

प्रशिक्षणात ‘संशोधन सांगतं’ हे शब्द आता वारंवार कानावर पडतात. तेव्हा हात वर करून विचारा : कोणत्या मुलांवर? कोणत्या लिपीत? मोजलं काय? इंग्रजीत अक्षरं २६, पण उच्चार बेभरवशाचे. मराठीत उच्चार बराचसा नेमका, पण बाराखडी, जोडाक्षरं, रफार असा चिन्हांचा पसारा मोठा. असाच पसारा असलेल्या कन्नडमधल्या, संशोधक सोनाली नाग यांच्या अभ्यासात अक्षरं पक्की होण्याची प्रक्रिया पहिली-दुसरीच्या बरीच पुढे चालताना दिसली. मग इंग्रजीची वेळापत्रकं मराठीत जशीच्या तशी चालणार कशी?

आपल्या मातीतला पुरावाही आहे. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या वाडा आणि कर्नाटकातल्या यादगीर इथल्या मुलांचा पहिली ते तिसरी पाठपुरावा केला. अक्षरओळखीवर सगळा भर आणि अर्थाला, स्वतःच्या लेखनाला फारच थोडी जागा, असे वर्ग त्यांना दिसले. एवढं करूनही अनेक मुलं तिसरीअखेर अक्षरांतच अडकलेली होती. हा अभ्यास शिक्षकांना दोष देण्यासाठी वापरला गेला, तर आम्हाला वाईट वाटेल. वर्गाचं वेळापत्रक आणि पुस्तक शिक्षक एकटा ठरवत नाही.

या महिन्यात पाच मुलं निवडा. तो एक मिनिटाचा प्रयोग करा, तारीख घालून वहीत लिहा, सहा आठवड्यांनी त्याच मुलांना पुन्हा ऐका. नोंदी आमच्याकडे पाठवा, फसलेल्यासुद्धा.