आधी नकाशा, मग चिरा

बांधाचा वाद निघाला की आपण मोजणी आणतो. पैसे भरताना कुरकुरतो, पण भरतो. कारण बांध चुकला तर पोराबाळांना कोर्टाची पायरी चढावी लागते. पोटाच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा. डॉक्टरांनी सोनोग्राफी, सीटी स्कॅन लिहून दिला की म्हणतो, 'फोटोत पैसे कशाला घालवता? दुर्बिणीतून गाठ काढा अन् मोकळे करा.'

शेतकरी बंधूंनो, इथेच चुकते. घोटी पट्ट्यात घरोघर गाई-बैल, शेळ्या आणि दारात कुत्रे. कुत्र्याच्या आतड्यातील एका बारीक जंताची अंडी विष्ठेतून मातीत, पाण्यात, भाजीपाल्यावर येतात आणि न धुतलेल्या हाताबरोबर आपल्या पोटात जातात. तिथून बहुतेक वेळा लिव्हरमध्ये पाण्याची गाठ धरते. डॉक्टर तिला हायडॅटिड म्हणतात. ती वर्षानुवर्षे गुपचूप वाढते. उजव्या बरगडीखाली जड वाटू लागले, तरी 'आवणी उरकली की दाखवू' म्हणत आपण ढकलतो.

ही गाठ न ओळखता टोचली किंवा तिचे पाणी पोटात सांडले, तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते; शिवाय सांडल्या जागी नव्या गाठी उगवतात. म्हणून चित्र आधी. गाठ जिवंत की मेलेली, याचा अंदाज सोनोग्राफीत येतो. मेलेल्या, त्रास न देणाऱ्या गाठीवर नुसते लक्ष ठेवूनही भागते, म्हणजे ऑपरेशनच वाचते. गाठ कोणत्या रक्तवाहिनीला टेकली आहे ते सीटी स्कॅन दाखवतो. पित्तनलिकेत फुटली आहे का, ते एमआरआयमध्ये कळते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात तर सर्जनला हाताने चाचपताही येत नाही. लिव्हरचे आठ भाग. वाफ्याला दांड असावा तशी प्रत्येकाला रक्ताची वेगळी वाट. म्हणून ऑपरेशन चालू असताना सोनोग्राफीची बारीक नळी लिव्हरवरच टेकवून वाट पाहतात. कॅन्सरच्या गाठीत काही ठिकाणी शिरेतून रंग देतात. खास कॅमेऱ्यात तो हिरवा चमकतो आणि कापायची हद्द दिसते. मागे किती लिव्हर उरेल, हेही सीटीवरून कॉम्प्युटर आधीच मोजतो. हायडॅटिडचे पाणी न सांडता ओढून घेणारे खास साधन तर कोइमतूरच्या डॉ. सी. पलनिवेलू यांनी आपल्याच देशात तयार केले. पण गाठ नेमकी कुठे, हे ठाऊक नसेल तर असले साधनही आंधळेच.

तेव्हा सोनोग्राफी फक्त गरोदर बाईची, हा समज सोडा. आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवा. जुन्या फिल्म, रिपोर्ट घडी न घालता एका फाइलीत ठेवा आणि पुढच्या डॉक्टरांकडे ते सगळे न्या. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. ज्याचे रेशनकार्ड अडले असेल, त्याचा कागद सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पुढे होऊन मार्गी लावावा.

आणखी एक काम ग्रामपंचायतीचेच आहे. बोकड कापल्यावर आतडी-काळीज कुत्र्यांपुढे टाकू देऊ नका. खोल खड्ड्यात पुरायला लावा. पाळीव कुत्र्यांना पशुवैद्यकीय दवाखान्यातून जंताचे औषध द्या. गाठीचा नकाशा डॉक्टर काढतील, पण ती धरूच नये ही व्यवस्था गावानेच करायची आहे.