विषाणूची उसनवारी आणि एका तपासणीचे मोल

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असलेला मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही, हा जेमतेम आठ हजार अक्षरजोड्यांच्या वर्तुळाकार डीएनएचा विषाणू असून त्या डीएनएच्या प्रती काढणारे विकर त्याच्याजवळ नसते. ते त्याला पेशीकडूनच उसने घ्यावे लागते. अस्तराच्या तळाशी असलेल्या, विभाजन पावणाऱ्या पेशींत तो बारीक इजेतून शिरतो आणि त्या पेशी वर सरकून परिपक्व होऊ लागल्या की स्वतःच्या हजारो प्रती काढतो. मात्र परिपक्व पेशी एरवी विभाजन थांबवते आणि तिच्यातील प्रती काढण्याची यंत्रणाही थंडावते.

या अडचणीतून विषाणू दुरुस्तीच्या वाटेने मार्ग काढतो. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशीतील एमआरई-११ हे प्रथिन ती तूट हेरते, एटीएम हे प्रथिन इशारा देते, त्यासरशी आरएडी-५१, बीआरसीए-१ यांसारखी प्रथिने तुटीपाशी जमतात आणि शाबूत प्रतीवरून हरवलेला मजकूर पुन्हा उतरवून घेतला जातो. मूडी आणि लायमिन्स या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले, की एचपीव्ही हा इशारा चालू ठेवतो आणि एटीएमचे काम रोखल्यास परिपक्व पेशींतील त्याची वाढ खुंटते. सर्वच डीएनए विषाणू असे वागत नाहीत. ॲडिनोविषाणू याच एमआरई-११ प्रथिनाचा नाश घडवून आणतो, कारण दुरुस्ती यंत्रणा त्याच्या सरळ डीएनएची टोके तुटकी समजून एकमेकांना जोडून टाकते.

एचपीव्हीच्या उसनवारीची किंमत पेशी मोजते. दुरुस्तीची प्रथिने विषाणूच्या डीएनएकडे ओढली जातात, पेशीच्या गुणसूत्रांतील तुटी मागे राहतात, आणि सदोष पेशीला थांबवणारे पी-५३ हे प्रथिन विषाणूच्या ई-६ प्रथिनामुळे नष्ट होते. बहुतेक स्त्रियांत प्रतिकारशक्ती हा संसर्ग एक-दोन वर्षांत मोडून काढते. ज्या थोड्यांत तो टिकतो, त्यांच्या पेशींत दोष साचत जाऊन कर्करोग व्हायला सहसा दहा वर्षांहून अधिक काळ जातो. एवढा काळ विषाणूचा डीएनए पेशींत हजर असतो, म्हणून पेशी बिघडण्याआधीच तो शोधून काढता येतो.

याचा पुरावा मराठवाड्यातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र त्यात सहभागी होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्हीच्या डीएनएची एकच तपासणी देऊ केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न मिळालेल्या, काहीशा लहान गटात ६४. आणि ज्यांच्यात विषाणू आढळला नाही, त्यांच्यापैकी एकीचाही मृत्यू या रोगाने झाला नाही. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल या अभ्यासावर नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ज्या पुराव्याची अशी किंमत मोजली गेली तो बासनात ठेवणे तर अधिकच अन्यायाचे ठरते.

शासकीय कार्यक्रमाचा भर मात्र ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहण्यावर आहे. ही पद्धत स्वस्त आहे आणि तिचा निकाल जागेवर मिळतो. पण ती पेशींत झालेला बदल पाहते, पाहणाऱ्याच्या सरावावर अवलंबून राहते आणि दर पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांतील, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांतील, स्त्री उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परतते, आणि तपासणीचे शिबिर भरते तेव्हा ती उसाच्या फडात असेल तर तिची तपासणी हुकते ती हुकतेच. शेजारच्या बीड जिल्ह्यात कर्करोगाची भीती घालून ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या तक्रारी २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेल्या होत्या. त्या भीतीलाही खात्रीच्या तपासणीइतके चोख उत्तर दुसरे नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून बाजारात आहे, पण तिचा खरा लाभ संसर्गाआधी ती घेणाऱ्या मुलींना होणार आहे; त्यांच्या आयांसाठी तपासणीच हवी. एचपीव्ही तपासणीचा नमुना स्त्रीला स्वतः घेता येतो, त्यामुळे ऊसतोडीचा हंगाम संपून टोळ्या परतल्या की आशा कार्यकर्तीने घरोघरी नमुने गोळा करावेत, ते जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासले जावेत आणि विषाणू आढळलेल्या स्त्रियांचे उपचार पुढच्या हंगामाआधी गंगाखेडच्या उपजिल्हा रुग्णालयात व्हावेत. तपासणीचा खर्च अधिक आहे हे खरे. परंतु जी स्त्री दर पाच वर्षांनी हाती लागेल याची शाश्वती नाही, तिच्यासाठी एकदाच होणारी खात्रीची तपासणीच अंती स्वस्त पडते.