तान्हे बाळ फिकट का पडते?

बाळ किरकिर करू लागले की घरातील वडील मंडळी म्हणतात, "दात येत आहेत, होईल बरे." किरकिर दातांची असूही शकेल. पण बाळाचे ओठ, तळहात व पापण्यांची आतली बाजू पांढुरकी दिसू लागली आणि शी डांबरासारखी काळी होऊ लागली, तर दातांना दोष देऊन स्वस्थ बसू नका. आतड्यात अंकुशकृमी रक्त पीत असण्याचा संभव आहे.

ज्याचे पाऊल अजून जमिनीला लागले नाही, त्याला कृमी कोठून, असे आपण विचाराल. रोग्याच्या विष्ठेतील अंडी ओलसर, सावलीतल्या मातीत उबतात व आठवडाभरात अळ्या कातडी भेदण्याजोग्या होतात. इजिप्तमध्ये आर्थर लूस या शास्त्रज्ञाच्या हातावर अळ्यांचे पाणी चुकून सांडले आणि १८९८ मध्ये हा मार्ग उघडकीस आला. कातडीतून शिरलेली अळी रक्तावाटे फुप्फुसात, तेथून घशात व शेवटी लहान आतड्यात पोचते. मोठ्या माणसाला ती अनवाणी पायांतून गाठते. बाळाला मात्र आपणच शेताच्या बांधावर वा अंगणात उघड्या मातीवर निजवतो. त्याची दुपटी ओल्या जमिनीवर वाळत घालतो.

आता थोडा हिशेब करा. पाच किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त असते सुमारे ४०० मिलिलिटर. मोठ्या जातीचा एक कृमी दिवसाला ०.२ मिलिलिटरपर्यंत रक्त नाहीसे करतो. शंभर कृमी असतील तर २० मिलिलिटरपर्यंत! मग बाळाला धाप लागते, जुलाब होतात, वजन वाढत नाही.

अशा बाळाला विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे व शीची तपासणी करून घ्यावी. आरंभी शीत अंडी आढळत नाहीत, म्हणून एका तपासणीवर निश्चिंत राहू नये. लोहाचे औषध चालू असल्यास तेही सांगावे, कारण त्यानेही शी काळी होते. भारतात २०१५ साली सुरू झालेला राष्ट्रीय जंतनाशक दिन १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी आहे. वर्षाच्या आतील बाळाला थोरल्या भावंडाची गोळी घरच्या घरी मुळीच देऊ नये. कृमी तसेच ठेवून केवळ लोह देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. आईने स्तनपान मात्र थांबवू नये.

शौचासाठी संडासच वापरावा, पायांत वहाणा असाव्यात आणि बाळासाठी झोळी किंवा खाट असावी. खर्च फारसा नाही. पण बाळाचे रक्त मात्र त्यावर अवलंबून आहे.