वजनकाट्यावरची हवा

परवा मुंबईहून एक जुना मित्र सहकुटुंब आला होता. खंडाळ्यात गाडीतून उतरल्याबरोबर त्याने छाती भरून श्वास घेतला, मोबाइल काढला आणि आकडा वाचून दाखवला. "बघ, तुमच्याकडे एक्यूआय आमच्या निम्मा! नशीबवान आहात लेको." मी चहा टाकायला आत गेलो. पण तेव्हापासून डोक्यात भुंगा सुरू आहे, तो आज इथे उतरवतोय.

हा आकडा येतो कुठून? आपल्याकडे त्यात मोठा वाटा असतो तो धूलिकणांचा, म्हणजे पीएम १० आणि पीएम २.५ यांचा. एक घनमीटर हवेत असे कण किती मायक्रोग्रॅम आहेत, ते बघायचं. म्हणजे चक्क वजन! आता किलोभर साखर आणि किलोभर मोरचूद तराजूत सारखंच भरतं, म्हणून कुणी चहात मोरचूद घालत नाही. हवेच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतोय. समुद्रावरून आलेलं मीठ, उडालेली माती, डिझेलची काजळी आणि ब्रेकची भुकटी, सगळं एकाच तागडीत.

फुफ्फुसाला वजन कळत नाही, त्याला रसायन कळतं. तिथल्या ओलाव्यात क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन असे राखणदार असतात. तांबं, लोखंड, मँगनीज यांसारखे धातू आणि धुरातली क्विनोन जातीची संयुगं त्यांच्याकडचे इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनला देतात, त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असली दाहक पोरं जन्माला येतात. आणि तो कण स्वतः संपत नाही, पुन्हा तेच करायला मोकळा. या उपद्रवाच्या ताकदीला म्हणतात ऑक्सिडेटिव्ह पोटेन्शियल. प्रयोगशाळेत ते मोजता येतं. डीटीटी नावाचं रसायन परीक्षानळीत घ्यायचं, त्यात कण सोडायचे आणि ते किती वेगाने संपतं ते बघायचं. कोणती चाचणी खरी यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, हे मान्य. पण म्हणून मोजायचंच नाही?

२०२० मध्ये 'नेचर'मध्ये युरोपातल्या हवेवर एक अभ्यास आला. वजनात जे कण भारी, ते उपद्रवात भारी नव्हते. उपद्रव मुख्यतः घरगुती लाकूडफाट्याच्या धुरापासून बनणाऱ्या कणांचा आणि वाहनांच्या ब्रेकसारख्या भागांतून झिजणाऱ्या धातूंचा होता. २०२४ मध्ये उत्तर भारतावर अभ्यास झाला, त्यात बोट गेलं ते अर्धवट जळण्याकडे.

आता आमचा बोरघाट बघा. लोणावळा सुमारे ६२० मीटर उंच, खोपोली जेमतेम ६०. चाळीस टनांचा ट्रेलर ही उंची उतरतो तेव्हा साठेक युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही इंजिन झेलतं, बाकीची ब्रेक. 'मिसिंग लिंक'ने अंतर सहा किलोमीटरने घटतं, सह्याद्रीची उंची नाही घटत! दुपारी कोकणातून वारा वर चढला की आमच्या गच्चीवर जळक्या ब्रेकचा वास येतो. २०२० च्या बीएस-६ नियमांनी धुराड्याला चाप लावला, छान झालं. ब्रेकच्या भुकटीवर त्यात अक्षर नाही. युरोपच्या युरो-७ मध्ये तिला मर्यादा आहे. कॅलिफोर्नियाने तर २०१० मध्येच ब्रेकमधलं तांबं कमी करायचा कायदा केला, तोही ओढ्यांच्या पाण्याच्या काळजीने.

इथे हा विषय काढला की लोक लगेच मावळातल्या शेतकऱ्याकडे बोट दाखवतात. राब भाजतो ना तो! भाजतो, आणि तो धूर काही गुलाबजल नाही. पण ते पावसाच्या आधीचे मोजके दिवस. शनिवार-रविवारच्या शेकोट्या आणि पर्यटकांनी टाकलेलं प्लास्टिक पहाटे पेटवणं पाऊस सोडला तर वर्षभर चालतं, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. सगळ्यांचे बंगले भाड्याने जायचे असतात ना!

वजनाच्या या नादाचा हिशोबही झालाय. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये आकडे मांडले, त्यात खर्चातला ६४ टक्के पैसा रस्त्याच्या धुळीवर गेला होता. काही जाळण्यावर साडेचौदा, वाहनांवर साडेबारा टक्के. धूळ वजनदार, तिच्यावर पाणी मारलं की आकडा उतरतो आणि फोटोही छान येतो. त्या कार्यक्रमाच्या यादीत पुणं आहे, लोणावळा नाही. आमची हवा शुद्ध असल्याचं बिल्डरच्या फलकांवर छापलेलंच आहे म्हणा.

अकरा वर्षांपूर्वी आईचा दमा बळावला. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, म्हणून आम्ही इथे आलो. तिचा पंप अजून उशाशीच असतो. दोष घाटाचाच असं मी म्हणत नाही, एका म्हातारीवरून विज्ञान होत नाही. पण ती विचारते, "अरे, इथली हवा चांगली ना रे?" आणि मी मोबाइलमधला आकडा सांगतो.

हवामानाची मोठी संस्था, आयआयटीएम, पाषाणला आहे. इथून साठेक किलोमीटर. कुणाला वर्षभर फिल्टर कागद लावून घाटाच्या हवेची डीटीटी चाचणी करायची असेल, तर आमची गच्ची रिकामी आहे. विजेचं बिल मी भरेन.