नाचता येईल, पण अंगण कुठे?

ड्रिफ्टिंग म्हणजे गाडी मुद्दाम घसरवणे. वळणावर मागच्या टायरांची पकड सोडवायची, शेपूट बाहेर जाऊ द्यायचे, स्टीअरिंग वळणाच्या उलट दिशेला धरायचे आणि ॲक्सिलरेटरवरच्या पायाने ती तिरकी अवस्था सांभाळत पुढे जायचे. या खेळासाठी हलकी, रिअर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्‌स कार कितपत योग्य, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: तिच्यासारखी दुसरी नाही. हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे गाडीत नसून गाडीखालच्या जमिनीत असते. सिंगापूरच्या पश्चिमेला, जुरोंग ईस्टमध्ये हा प्रश्न विचारला तर ते अर्धे उत्तर ठळकपणे समोर येते. मेट्रोचे जंक्शन, मॉल, उंच इमारती आणि त्यांच्यामधून जाणारे आरशासारखे रस्ते. गाडी घ्यायला लोकांकडे पैसा आहे, हौसही आहे. ती घसरवायला हक्काची जागा मात्र नाही.

आधी जे अर्धे उत्तर बरोबर आहे त्याला न्याय देऊ. 1983 ते 1987 या काळात टोयोटाने काढलेली एई86 ही कागदावर अगदी साधी गाडी होती. इंजिन 1,587 सीसीचे, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. केइची त्सुचियासारख्या चालकांनी जपानच्या घाटरस्त्यांवर तिला जे करायला लावले त्यातून या खेळाची ओळख घडली, आणि 1995 मध्ये सुरू झालेल्या ‘इनिशियल डी’ या चित्रमालिकेने ती घराघरांत नेली. पुढे 2012 मध्ये टोयोटाने सुबारूच्या साथीने 86 ही गाडी आणली. दोन लिटरचे इंजिन, 200 अश्वशक्ती आणि सव्वा टनाच्या आसपास वजन. या स्पोर्ट्‌स कारला टोयोटाने टायर दिले ते प्रियससारख्या मायलेजवाल्या गाडीला मिळणाऱ्या जातीचे. अनेकांना ही कंजुषी वाटली. प्रत्यक्षात तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. टायरची पकड कमी, म्हणजे गाडी कमी वेगातच सुटणार आणि चालकाला ती सांभाळण्याची मजा कमी वेगातच मिळणार. पकड हेसुद्धा बेताने वाढायचे वाण आहे, हे ज्या कंपनीला उमगले तिने निम्मे काम गाडी विकण्याआधीच केले होते.

मागच्या चाकांना ताकद देण्याचा फायदा कामाच्या वाटणीत आहे. पुढची चाके दिशा देतात, मागची ढकलतात. त्यामुळे मागची घसरत असतानाही पुढची चालकाच्या हातात राहतात. वजनाबद्दल मात्र एक गैरसमज पक्का बसला आहे. हलकी गाडी लवकर घसरते, असे सर्रास म्हटले जाते. वर्तुळात फिरणाऱ्या गाडीचे गणित मांडले तर वजन समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी कटून जाते. 15 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कोरड्या डांबरावर गाडी ताशी सुमारे 40 किलोमीटरला सुटेल, तर पाणी मारलेल्या गुळगुळीत जमिनीवर 28 च्या आसपास. मग ती एक टनाची असो की दोन टनांची. हलकेपणाचा उपयोग गाडी सुटल्यानंतर होतो. ती चटकन वळते, चटकन सावरते आणि टायर, ब्रेक, क्लच कमी खाते. दिवसभर सराव करणाऱ्याच्या खिशाला या शेवटच्या मुद्द्याचे मोल सर्वांत जास्त. ताकदीचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. पहिल्या 86 चा टॉर्क 205 न्यूटन-मीटर. तो दुसऱ्या गिअरमधून मागच्या चाकांपर्यंत पोचला की कोरड्या डांबराची पकड मोडण्यापुरता जेमतेम उरतो. म्हणून कोरड्यावर तिच्या चालकाला क्लचचा झटका, हँडब्रेक, वजनाचा हेलकावा अशा युक्त्या कराव्या लागतात. त्याच जमिनीवर पाणी ओतले की तीच ताकद पुरून उरते.

यावर कुणाला केवळ गणित नको असेल तर विक्रमांची वही उघडावी. न थांबता सर्वाधिक अंतर ड्रिफ्ट करण्याचा विक्रम 2014 मध्ये 86 नेच 144 किलोमीटरवर नेला. 2017 च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत दुसऱ्या चालकाने पुन्हा 86 मध्येच 165 किलोमीटर कापले, पावणेसहा तास तिरके राहून. हलक्या गाडीच्या कैवाऱ्यांनी इथेच थांबावे असे वाटते. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बीएमडब्ल्यूच्या एम5 ने 374 किलोमीटरचा विक्रम केला. ही गाडी दोन टनांकडे झुकणारी, चार दारांची, एरवी चारही चाकांना ताकद देणारी. कळ दाबली तरच निव्वळ मागच्या चाकांवर चालणारी. घसरत असतानाच शेजारून दुसरी गाडी चालवत तिच्यात पेट्रोल भरले गेले, हा तपशील सर्कशीत शोभेल असा आहे. 2020 मध्ये पोर्शच्या विजेवरच्या टायकानने जर्मनीत 42 किलोमीटर ड्रिफ्ट केले. तीही वजनाने दोन टनांच्या पुढची. सव्वा टनाच्या 86 ला आणि या दोन धुडांना जोडणारी गोष्ट एकच, पायाखालचा ओला पट्टा. पाण्याने लहान-मोठ्यांना एका पंक्तीत बसवले.

मग स्पर्धांचे काय, असा आक्षेप येईल. फॉर्म्युला ड्रिफ्टसारख्या मालिकांत आज हजार अश्वशक्तीच्या गाड्या उतरतात, तिथे 200 अश्वशक्तीची हलकी गाडी धुरातच हरवेल. खरे आहे. पण त्या गाड्यांत मूळ गाडीचे उरलेले असते ते बहुतेक छप्पर आणि नाव. स्टीअरिंगचा कोन वाढवलेला, डिफरन्शियल बदललेले, इंजिन भलत्याच गाडीचे. त्यांच्यावरून कारखान्यातून निघालेल्या गाडीची पारख करणे म्हणजे तालमीतल्या मल्लाला मापाला घेऊन शाळेचे गणवेश शिवणे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अतिलहान गाडी क्षमा करत नाही. माझदाच्या एमएक्स-5 च्या पुढच्या-मागच्या चाकांत 2,310 मिलिमीटरचे अंतर, 86 च्या 2,570. जितके अंतर कमी तितकी गिरकी झटपट, आणि सावरायला मिळणारा क्षणही तितकाच आखूड. माझ्या मते शिकणाऱ्याने एमएक्स-5 पेक्षा 86 निवडावी. तीही मूळ टायरांवर. रुंद, चिकट टायर लावून तिचा वेग वाढवण्याच्या मोहात पडू नये.

हे सगळे जुरोंग ईस्टमध्ये आणून ठेवले की चित्र पालटते. सिंगापुरात नुसती गाडी विकत घेऊन भागत नाही, ती दहा वर्षे बाळगण्याचा परवाना लिलावात वेगळा घ्यावा लागतो. ऑक्टोबर 2023 मध्ये मोठ्या गाड्यांच्या गटातील हा परवाना 1,50,001 सिंगापूर डॉलरवर गेला, म्हणजे तेव्हाच्या भावाने नव्वद लाख रुपयांच्या आसपास. गाडीची किंमत आणि कर वेगळे. ज्या गाडीची खरी थोरवी ‘ठोकली तरी परवडते’ या तीन शब्दांत होती ती इथे देव्हाऱ्यात ठेवण्याची वस्तू होते. आडवाटेच्या रस्त्यावर हौस भागवावी तर बेकायदा शर्यतीच्या कायद्याखाली गाडीच जप्त होऊ शकते, आणि ते योग्यच आहे. कायदेशीर वाट तुआसच्या दुसऱ्या पुलावरून मलेशियात जाते. सीमा ओलांडताना टाकी तीन-चतुर्थांश भरलेली हवी, नाही तर नाक्यावरून परत. पलीकडच्या स्वस्त पेट्रोलवर ठेवलेला हा पहारा. सेपांगची धावपट्टी तिथून तीनशेएक किलोमीटर. ट्रॅकवरच्या नुकसानीची भरपाई बहुतेक विमा पॉलिसी देत नाहीत, हे आणखी वर. नाचता येईना अंगण वाकडे, अशी आपल्याकडे बहाणेबाजाची थट्टा करतात. जुरोंग ईस्टच्या हौशी चालकाला ती लागू नाही. त्याला अंगणच नाही.

जमीन कुठून आणायची, हा सिंगापूरचा नेहमीचा आणि रास्त सवाल. चांगी इथे 41 हेक्टरांवर मोटार शर्यतींचे संकुल उभारण्याची योजना होती. काम 2011 मध्ये थांबले, 2012 मध्ये ती योजना गुंडाळली गेली आणि तेव्हापासून हा विषय निघाला की त्या अपयशाकडे बोट दाखवले जाते. पण ते संकुल आंतरराष्ट्रीय शर्यतींसाठी होते. ड्रिफ्ट शिकायला लागतो 60 मीटर बाजूचा एक चौकोन, म्हणजे 0.36 हेक्टर. त्यात 15 मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखून चारही बाजूंना आणखी 15 मीटर मोकळे राहतात, आणि 28 च्या वेगाने सुटलेली गाडी ब्रेक दाबल्यावर ओल्या जमिनीवरही आठ मीटरच्या आत थांबते. पाण्याची ददात नाही. वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस तिथे पाऊस पडतोच. आणि जुरोंगने तरी जागा नाही असे म्हणू नये. दलदल आणि टेकड्या सपाट करून 1960 च्या दशकात अर्थमंत्री गो केंग स्वी यांनी ही औद्योगिक वसाहत वसवली तेव्हा लोक तिला त्यांचा वेडेपणा म्हणत होते.

खरा अडसर आहे तो सुरक्षिततेचा. फेब्रुवारी 2021 मध्ये तांजोंग पागारच्या रस्त्यावर बीएमडब्ल्यू एम4 दुकानघरावर आदळून पाच तरुण गेले. तीही रिअर व्हील ड्राइव्हच होती. अशा शहरात गाडी घसरवायला शिकवणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणे नव्हे काय? यावर कुणी छातीठोकपणे ‘सरावाची जागा असती तर ते वाचले असते’ असे म्हणू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. उलट नॉर्वेचा अनुभव सावध करणारा आहे. तिथे नव्या चालकांना घसरणाऱ्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केल्यावर तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यांवरचे अपघात वाढल्याचे 1980 च्या दशकातील अभ्यासात आढळले. कौशल्य चिमूटभर वाढले आणि आत्मविश्वास पसाभर. पण तिथल्या लोकांनी घसरणीचे मैदान बंद केले नाही, धडा बदलला. गाडी सावरता येते हे दाखवण्याऐवजी ती किती चटकन हातातून जाते याचा अनुभव देण्यावर भर आला. या नव्या धड्यासाठी हलकी, कमी ताकदीची, साध्या टायरांची गाडी फार उपयोगाची आहे. 28 च्या वेगात ती चालकाला गर्रकन फिरवून उलट्या तोंडाने उभी करते आणि कुणालाही ओरखडा येत नाही. रस्त्यावरच्या बहाद्दरांची घमेंड जिरवायला याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही. मात्र नॉर्वेचा ठेच लागलेला भाग विसरू नये. हे लायसन्सच्या परीक्षेत घुसडू नये. ज्याच्याकडे लायसन्स आहे, ज्याला हौस आहे, त्याने तासाचे पैसे मोजून यावे आणि केंद्राचीच भाड्याची गाडी वापरावी, म्हणजे नव्वद लाखांच्या परवान्याचा प्रश्नही मिटतो.

जुरोंग ईस्टपासून जवळच बुकिट बाटोकचे ड्रायव्हिंग केंद्र आहे. कुंपणाच्या आत ‘एस’ वळण आहे, काटकोनी वळणे आहेत, चढण आहे, समांतर पार्किंगचा खण आहे. सिंगापूरच्या वाहतूक खात्याने तिथे किंवा जवळपास 60 मीटरचा एक चौकोन आखून द्यावा, चार जुन्या 86 घ्याव्यात आणि पाण्याचा नळ सोडावा.