आपलं आडनाव?

गाडीत शेजारी बसलेल्या माणसाची पिशवी अजून मांडीवरून खाली उतरलेली नसते, तोच आपण विचारतो, "आपलं आडनाव?" हवापाण्याच्या गप्पा साहेबाने माराव्यात. आपल्याला थेट कूळ लागतं.

परवा पुण्याला जाताना शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं, "दिवेकर." समोरचे अप्पा खूश!

"म्हणजे आपलेच की हो! कुठले दिवेकर?"

"अलिबागकडचे. बेने इस्राएल."

अप्पांचा हात डब्यातल्या चकलीवर तसाच थांबला. मग सावरून म्हणाले, "अरे वा! पण मराठी छान बोलता हो तुम्ही!"

मीही हसलो. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

अहो, मराठी नाही तर काय बोलणार हा माणूस? त्यांची परंपरा सांगते, नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या आणि कोकणातच राहिल्या. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. किहीमचे ते किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. 'कर' देताना गावाने धर्म विचारला नाही. म्हणून तर दिवेकर हिंदूही असतात आणि ज्यूही. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली उभारणारे सॅम्युएल इझिकेल म्हणजे आपले सामाजी हसाजी दिवेकर!

पुढे पुष्कळांनी बापाचं किंवा आजोबांचं नावच आडनाव म्हणून लावलं आणि 'कर' मागे पडला. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, डेव्हिड, आपण सगळ्यांनी पाहिले. ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर होते, हे किती जणांना ठाऊक आहे? चेऊल गळलं, की माणूस परका दिसायला आपण मोकळे.

आणि १९४८ नंतर यातले बहुतेक इस्राएलला गेले, तेव्हा तिकडे तरी सुख लागलं का? १९६२ साली तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी यांच्या पूर्वजांची चौकशी करायचा फतवा काढला. जेरुसलेमात निदर्शनं झाली, तेव्हा कुठे १९६४ साली हे पुरते ज्यू असल्याचा निर्वाळा मिळाला. म्हणजे इथे विचारायचं, तुम्ही मराठी कसे? आणि तिथे, तुम्ही ज्यू कसे? दोन्हीकडे अप्पा आहेतच!

माझं म्हणणं एवढंच: आडनाव जरूर विचारा, पण गाव कळलं की थांबा. पुढे चौकशी करायचीच तर तिकडे यंदा पाऊस कसा झाला, त्याची करा. 'कर' हा माणसाच्या मातीचा पत्ता आहे, जातीचा दाखला नव्हे.

हे सगळं मला घरी आल्यावर सुचलं. दिवेकरांना तिथेच सुचलं होतं. पुढे आलेल्या डब्यातली चकली उचलत ते शांतपणे म्हणाले, "तुमचंही मराठी छान आहे हो, अप्पा!"