सावलीची मुदत ठेव

झाडांवर प्रेम नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. प्रेम सगळ्यांचंच असतं. अट एवढीच, की ते झाड दुसऱ्याच्या दुकानासमोर असावं. आपल्या दुकानासमोर उभं असतं ते झाड नव्हेच. उन्हाळ्यात तो कचरा असतो, दिवाळीत पाटी झाकणारा अडथळा असतो आणि पावसाळा जवळ आला की 'धोका' असतो.

मी बी.कॉम., त्यातून बँकेतला कारकून. तत्त्वज्ञान सहसा माझ्या वाट्याला येत नाही. पण आमची शाखा उपनगरातल्या एका शॉपिंग सेंटरच्या पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे हे एवढं खिडकीतून आत आलं.

आमच्या सेंटरात बघण्यासारखं काही असेल तर अंगणातली चार झाडं. दोन पर्जन्यवृक्ष, एक कडुनिंब, एक सोनमोहर. पर्जन्यवृक्ष संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतो, ढग दाटून आले तरी मिटतो. वेळ होताच काउंटर बंद करण्यात इतका नियमित प्राणी आमच्या बँकेतसुद्धा नाही. या चौघांच्या आश्रयाला एक चांभार आहे, एक किल्ल्या करून देणारा, फुलवाली मावशी आणि सहा-सात रिक्षा. पेन्शनच्या दिवशी आमची रांग जिना उतरून थेट कडुनिंबाखाली जाते. आजोबा मंडळी तिथं पासबुकानं वारा घेत उभी असतात. (पासबुकाचा इतका चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.)

आता गंमत बघा. या मंडळींपैकी एकाचंही सेंटरात दुकान नाही. म्हणून व्यापारी कमिटीत त्यांना मतही नाही. सावली ज्यांची, निर्णय त्यांचा नाही. निर्णय घेणारे आत, एअरकंडिशनरच्या गारव्यात.

तर या कमिटीनं 'सुशोभीकरण' काढलं. सुशोभीकरण हा शब्द ऐकला की मला धडकी भरते. या शब्दानंतर काहीतरी हिरवं जातं आणि त्या जागी फरशी येते. एका सकाळी चारही झाडांवर नगरपालिकेची सूचना लागली. १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडे जतन कायद्यानुसार झाड तोडण्याआधी तशी नोटीस झाडावरच लावावी लागते. कायदा चांगला आहे. पण लावणाऱ्यानं ती खिळा ठोकून लावली. ज्याला फाशी द्यायची त्याच्याच छातीत वॉरंट ठोकण्याचा मान फक्त झाडालाच मिळत असावा.

कमिटीची कारणं ऐका. पहिलं, पाट्या दिसत नाहीत. अहो, ज्याला साडी घ्यायची आहे तो पाटी वाचून येत नाही, बायकोच्या मागून येतो. दुसरं, पक्षी गाड्या घाण करतात. ही तक्रार करणारे गृहस्थ मे महिन्यात सावलीतली जागा मिळावी म्हणून आवारात तीन प्रदक्षिणा घालतात, हे मी वरून पाहिलेलं आहे. तिसरं, फांद्या पडतात. हे मात्र खरं. पर्जन्यवृक्षाचं लाकूड ठिसूळ असतं. पण त्यावर उपाय जाणकाराकडून पावसाळ्याआधी बेतानं छाटणी करून घेणं हा आहे. दात दुखतो म्हणून कोणी मान उतरवत नाही.

शिवाय झाड धोकादायक होतं कसं, तेही पाहिलं पाहिजे. आधी बुंध्याला गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायचे, म्हणजे मुळांना ना पाणी, ना हवा. मग केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडायची. मग पाटी दिसावी म्हणून त्याच बाजूच्या फांद्या छाटायच्या. इतकं करून वादळात झाड कललं, की म्हणायचं, 'बघा, आम्ही सांगत नव्हतो?' कर्जदाराचा धंदा आपणच बुडवायचा आणि मग खातं बुडीत म्हणून शेरा मारायचा, त्यातला हा प्रकार. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते उगाच नव्हे.

पण कमिटीचा खरा हुकमाचा पत्ता पुढेच आहे. 'एक तोडू, पण त्याच्या बदल्यात किती लावू!' इथं मात्र माझ्यातला कॉमर्सवाला जागा होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यात पन्नास वर्षं आणि त्यापुढचं झाड 'हेरिटेज' ठरतं, आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. म्हणजे आमच्या चौघांच्या बदल्यात दोनशे रोपं. कुठं? गावाबाहेरच्या टेकडीवर. म्हणजे चांभारानं सावली हवी असेल तर ऐरण घेऊन टेकडी चढायची, आणि आजोबांनी पेन्शनला रांग तिथं लावायची.

एका गिऱ्हाइकाची पन्नास वर्षांची मुदत ठेव मोडली आणि त्याला शून्य शिल्लक असलेली पन्नास नवी खाती उघडून दिली, तर तो मॅनेजरला काय म्हणेल? तेच मला म्हणायचं आहे. झाड म्हणजे चक्रवाढ व्याज. पहिली दहा वर्षं नुसतं मुद्दल भरायचं. सावली नावाचं व्याज मिळतं ते पुढं. इमारतीची किंमत आम्ही हिशेबात दरवर्षी घसारा काढून कमी करतो, झाडाची मात्र दरवर्षी वाढते. आणि कमिटी घसाऱ्याची वस्तू शोभिवंत करण्यासाठी वाढीची वस्तू विकते आहे! सर्वोच्च न्यायालयानं पश्चिम बंगालमधल्या रेल्वे पुलांच्या खटल्यात नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं एका झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरलं होतं. त्यातले ४५,००० नुसत्या प्राणवायूचे. त्या दरानं पन्नास वर्षांच्या चार झाडांचे होतात १,४९,००,००० रुपये. अख्ख्या सेंटरचं रंगकाम ज्यांनी तीन हप्त्यांत उरकलं, त्यांनी एवढ्या रकमेचा चेक फाडावा, मग बोलू.

अर्जात एक खुबी होती. झाडांचं वय लिहिलं होतं पंचेचाळीस. वय चोरायची खोड सिनेनटांना आणि शाळकरी क्रिकेटपटूंना असते असं ऐकून होतो. आमच्या गल्लीतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका हे वाचून जाम भडकल्या. त्यांनी ट्रंकेतून सेंटरच्या उद्‌घाटनाचा फोटो शोधून काढला. पाहुणे फीत कापताहेत आणि मागं पर्जन्यवृक्ष पाहुण्यांच्या टोपीहून हातभर उंच! कोनशिलेवर साल स्वच्छ कोरलेलं, १९७१. मग बाईंनी हरकतीचा अर्ज लिहिला, शुद्धलेखनासकट. सह्या गोळा करायला रिक्षावाले फिरले. फुलवाली मावशीनं अंगठा उमटवताना विचारलं, "दादा, यानं व्हतंय का काय?" मी म्हटलं, "मावशी, बँकेत अंगठ्यावर पैसे मिळतात, मग झाड का मिळू नये?" तीनशे बारा हरकती गेल्या. सध्या फाइल 'विचाराधीन' आहे. सरकारी फाइल रेंगाळल्याचा आनंद मला आयुष्यात प्रथमच होतो आहे. तरी खिडकीतून रोज चार मोजून घेतो. २०१९ साली मुंबईत आरेमध्ये उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या त्याच रात्री करवती चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडून गेली होती. कागद रेंगाळतो, करवत रेंगाळत नाही.

आम्हाला कोणी 'विकासविरोधी परदेशी फॅडवाले' म्हणालं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमाराला लाकूड हवं असतानाही सांगितलेलं आहे, की रयतेनं लेकरासारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत. अगदी जीर्ण झालेलं झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं, बळजबरी करू नये. तिथं प्रश्न आरमाराचा होता. इथं साडीच्या दुकानाच्या पाटीचा आहे.

तेव्हा वृक्ष अधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. साहेब, या प्रकरणाची सुनावणी कचेरीत घेऊ नका. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, आमच्या आवारात घ्या. कमिटीला तिच्या नकाशातल्या मोकळ्या, सुशोभित फरशीवर खुर्च्या द्या आणि आम्हा हरकतवाल्यांना कडुनिंबाखाली. तासभर दोन्ही बाजू ऐका. आमच्या बाजूनं कोणी काही बोलणार नाही. कमिटीच खुर्च्या उचलून इकडे येईल.